परीक्षा एकट्या मुलींचीच का? : चीनमधील १९८८ च्या महिला फुटबॉल स्पर्धेची कहाणी

मुलगा चेंडू घेऊन घराबाहेर पडला तर त्याला कोणी अडवीत नाही. फार तर दिवेलागणीच्या आत घरी ये, एवढेच सांगितले जाते. तोच चेंडू मुलीने हाती घेतला की मात्र प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तुला जमेल का? लोक काय म्हणतील? याचा पुढे उपयोग काय? म्हणजे मुलाने आधी खेळावे आणि जमते की नाही ते मग पाहावे. मुलीने मात्र जमते हे आधी सिद्ध करावे आणि मग खेळावे! हा न्याय केवळ आपल्या चाळीत किंवा वस्तीत चालतो असे समजण्याचे कारण नाही. साऱ्या जगाचा फुटबॉल ज्या संस्थेच्या हाती आहे, त्या ‘फिफा’ या आंतरराष्ट्रीय महासंघानेही जगातील स्त्रियांना हाच न्याय लावला होता. त्यासाठी १९८८ च्या जून महिन्यात चीनमध्ये एक स्पर्धा भरविण्यात आली. ती स्पर्धा म्हणजे मुलींची परीक्षाच होती. मुली त्या परीक्षेत कशा उतरल्या आणि मुळात ती परीक्षा घेण्याची गरज होती काय, हे आपल्या घरातील लेकीसुनांना आणि त्यांच्या वडील-भावांनाही ठाऊक असले पाहिजे.

पुरुषांना परीक्षा नव्हती

प्रथम पुरुषांचा हिशेब पाहू. ‘फिफा’ची स्थापना १९०४ साली झाली. पुरुषांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९३० मध्ये दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशात झाली. तिच्यासाठी पात्रता फेरी नव्हती. देशोदेशी निमंत्रणे गेली, ज्यांना येणे जमले ते आले. बोटीचा प्रवास लांबचा होता, म्हणून युरोपातून फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे चारच संघ पोहोचले. सगळे मिळून संघ भरले तेरा. तरीही त्या स्पर्धेला कोणी ‘प्रयोग’ म्हटले नाही. आधी लहानशी स्पर्धा घेऊन पाहू, लोक येतात का ते बघू, मगच विश्वचषकाचे नाव देऊ, असे पुरुषांना कोणी सांगितले नाही. पहिल्याच दिवसापासून तो विश्वचषक होता.

आता स्त्रियांचा हिशेब घ्या. स्त्रिया तेव्हा फुटबॉल खेळत नव्हत्या असे नाही. इंग्लंडमधील प्रेस्टन या गावी डिक-केर नावाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात तेथे दारूगोळा तयार होत असे आणि त्या कामावर बाया होत्या. त्या कामगार बायांनी आपला फुटबॉल संघ उभा केला. जखमी सैनिकांसाठी निधी जमावा म्हणून त्या सामने खेळत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास ५३ हजार लोक आले आणि हजारो लोकांना जागेअभावी दारातून परत जावे लागले. पुढच्याच वर्षी या महिला संघाने संपकरी खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही सामने खेळून पैसे उभे केले.

याचे बक्षीस त्यांना काय मिळाले? ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की, हा खेळ स्त्रियांना योग्य नाही. सबब संघटनेच्या सदस्य क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. खेळ बंद करण्याची ही सोपी युक्ती! खेळू नका असे तोंडाने म्हणायचे नाही, मैदानाला कुलूप लावायचे. हे कुलूप पन्नास वर्षे राहिले. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० अशी पंधरा वर्षे बंदी घातली. ब्राझीलमध्ये तर सरकारनेच १९४१ साली हुकूम काढला की, स्त्रीच्या ‘प्रकृतीशी’ न जुळणारे खेळ स्त्रियांनी खेळू नयेत. १९६५ मध्ये त्यात फुटबॉलचे नावही स्पष्ट घालण्यात आले. ही बंदी उठली १९७९ मध्ये.

एवढे होऊनही १९७१ साली मेक्सिको देशात खासगी आयोजकांनी स्त्रियांची जागतिक स्पर्धा भरविली. ‘फिफा’ची तिला मान्यता नव्हती. परंतु अंतिम सामन्यास अझ्टेका मैदानावर सुमारे १ लाख १० हजार प्रेक्षक जमले. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० असे हरविले आणि तिन्ही गोल सुझान ऑगुस्तेसन या १५ वर्षांच्या मुलीने केले. म्हणजे मुलींना खेळता येते आणि लोक त्यांचा खेळ पाहतात, ही दोन्ही उत्तरे जगाला १९८८ च्या कितीतरी आधीच मिळाली होती. ज्यांना पाहायचेच नव्हते, त्यांच्यासाठी मात्र उत्तरपत्रिका पुन्हा लिहावी लागली.

एका बाईने सभेत तोंड उघडले

ही परीक्षा तरी घेण्याची बुद्धी ‘फिफा’ला आपणहून झाली नाही. १९८६ साली मेक्सिको सिटी येथे ‘फिफा’चे अधिवेशन भरले होते. नॉर्वे देशाच्या प्रतिनिधी म्हणून एलेन विले नावाच्या बाई तेथे गेल्या होत्या. अंगाने अगदी लहानखुऱ्या. सभागृहात जिकडे पाहावे तिकडे पुरुष. त्या सभेत त्या बोलावयास उभ्या राहिल्या. ‘फिफा’च्या अधिवेशनात भाषण करणारी ही पहिली स्त्री. अधिवेशनाच्या एवढ्या मोठ्या कागदपत्रांत स्त्रियांच्या फुटबॉलला जवळजवळ जागाच नाही, हे त्यांनी सर्वांच्या नजरेस आणून दिले. स्त्रियांना स्वतःचा विश्वचषक हवा आणि ऑलिम्पिकमध्ये प्रवेशही हवा, अशी मागणी त्यांनी केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विले बाईंनी नुसती तक्रार केली नाही. त्यांनी आधी कागद वाचला, त्यात काय नाही ते हेरले आणि मग भर सभेत मोजकी व स्पष्ट मागणी केली. अध्यक्षपदी तेव्हा ब्राझीलचे जोआओ हावेलांज होते. त्यांना ती मागणी मान्य करावी लागली. पण मान्य केली ती अटीसह. एकदम विश्वचषक नाही. आधी निमंत्रितांची एक स्पर्धा घेऊन पाहू, असे ठरले.

बारा देशांच्या मुली

१ जून ते १२ जून १९८८ या काळात चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात ही स्पर्धा झाली. ग्वांगझू म्हणजे जुने कॅन्टन शहर, आणि त्याच्या आसपासची फोशान, जिआंगमेन व पान्यू ही गावे, अशा ठिकाणी सामने ठेवले होते. बारा देशांना निमंत्रण होते. आशियातून चीन, जपान व थायलंड. युरोपातून नॉर्वे, स्वीडन, हॉलंड व चेकोस्लोव्हाकिया. उत्तर अमेरिकेतून अमेरिका व कॅनडा. दक्षिण अमेरिकेतून ब्राझील. आफ्रिकेतून आयव्हरी कोस्ट. आणि त्यांच्या जोडीला ऑस्ट्रेलिया. चार-चार संघांचे तीन गट पाडले होते. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतील उत्तम असे दोन, मिळून आठ संघ पुढील फेरीत जाणार होते. एकंदर सामने २६.

प्रेक्षक येतील का, या शंकेचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले. चीन विरुद्ध कॅनडा हा सामना पाहण्यास सुमारे ४५ हजार लोक आले. चीनच्या मुलींनी तो २-० असा जिंकला. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाने बलाढ्य समजल्या जाणाऱ्या ब्राझीलला १-० असे हरवून सर्वांना चकित केले. गोल केला जॅनिन रिडिंग्टन या खेळाडूने.

ब्राझीलच्या मुलींची कथा तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. फुटबॉल म्हणजे ब्राझील, असे आपण म्हणतो. पण त्या देशात मुलींवरील बंदी उठून तेव्हा केवळ नऊच वर्षे झाली होती. त्यांच्यासाठी वेगळे कपडेसुद्धा शिवले गेले नव्हते. पुरुष संघाचे वापरून झालेले ढगळ कपडे घालून आपण चीनमध्ये खेळलो, असे त्या खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. असल्या उसन्या कपड्यांत त्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्या. तेथे नॉर्वेने त्यांना २-१ असे हरविले. मग तिसऱ्या क्रमांकासाठी यजमान चीनशी गाठ पडली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर ब्राझीलच्या मुली जिंकल्या. या संघातील सिसी नावाच्या खेळाडूने पुढे १९९९ च्या विश्वचषकात ७ गोल करून चीनच्या सुन वेनसह सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. ज्या देशाने मुलींचा खेळ कायद्याने गुन्हा ठरविला, त्याच देशाची मान त्या मुलींनी उंच केली.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात स्वीडनने चीनवर २-१ अशी मात केली. १२ जूनला ग्वांगझू येथे नॉर्वे आणि स्वीडन या शेजारी देशांत अंतिम सामना झाला. प्रेक्षक सुमारे ३५ हजार. नॉर्वेच्या लिंडा मेडालेनने उत्तरार्धात एकमेव गोल केला आणि नॉर्वेने स्पर्धा जिंकली. सारी लोकसंख्या मोजली तर आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा हा देश! ज्या देशाच्या बाईने सभेत तोंड उघडले, त्याच देशाच्या मुलींनी मैदानावर पहिला मान पटकावला. हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्या देशात बाईला संघटनेत जागा मिळाली, तेथे मुलींना मैदानही मिळाले होते. गोल करणारी मेडालेन पुढे ऑस्लो शहरात पोलीस अधिकारी झाली.

निकाल लागला, तरी हात आखडताच

अंतिम सामन्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३० जून १९८८ रोजी, ‘फिफा’ने स्त्रियांची जागतिक स्पर्धा भरविण्यास मंजुरी दिली. ती १९९१ च्या नोव्हेंबर महिन्यात त्याच ग्वांगडाँग प्रांतात झाली. अमेरिकेने नॉर्वेला २-१ असे हरवून ती जिंकली. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९३० चा आणि स्त्रियांचा १९९१ चा. मध्ये ६१ वर्षे गेली. आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्या या काळात उलटल्या!

आणि एवढ्यानंतर तरी पूर्ण पदरी पडले काय? मुळीच नाही. त्या स्पर्धेला ‘विश्वचषक’ हे नाव तेव्हा दिले गेले नाही. एका गोळ्याबिस्किटांच्या कंपनीचे नाव जोडून ‘जागतिक अजिंक्यपद’ म्हणण्यात आले. सामना ९० मिनिटांऐवजी ८० मिनिटांचा ठेवला. जणू शेवटची दहा मिनिटे मुलींना झेपणार नव्हती. पूर्ण ९० मिनिटे मिळाली ती १९९५ च्या स्पर्धेत. ती स्पर्धा नॉर्वेने जिंकली. १९९६ मध्ये ऑलिम्पिकचे दारही उघडले. २०२३ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील विश्वचषकात ३२ देशांचे संघ होते आणि मैदानांवर येऊन सामने पाहणारे प्रेक्षक १९ लाखांहून अधिक होते. चाचणी घेणाऱ्यांच्या शंकेला याहून वेगळे उत्तर ते कोणते?

हरलेल्यांचे काय झाले?

आपल्या घरांतून एक चूक नेहमी होते. मुलगी एकदा हरली की, आता पुरे, असे म्हणून तिचा खेळ बंद करतात. १९८८ च्या स्पर्धेत कोण हरले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे म्हणून पाहण्यासारखे आहे.

जपानच्या मुली गटातच गारद झाल्या. अमेरिकेने त्यांना ५-२ असे हरविले. त्याच जपानने २०११ मध्ये जर्मनीतील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच अमेरिकेला पेनल्टींवर हरवून जगज्जेतेपद मिळविले. मध्ये गेली २३ वर्षे. थायलंडने गटातील तिन्ही सामने गमावले. ब्राझीलने त्यांच्यावर नऊ गोल चढविले. आयव्हरी कोस्टनेही तिन्ही सामने गमावले. चीनने त्यांच्यावर आठ गोल केले. हे दोन्ही देश २०१५ साली कॅनडातील विश्वचषकात दाखल झाले. तेथे त्यांचा एकमेकींशीच सामना झाला आणि थायलंडने तो ३-२ असा जिंकला. १९८८ मध्ये तळाशी राहिलेल्या दोन देशांच्या लेकी विश्वचषकाच्या मैदानावर समोरासमोर! हरले म्हणून त्यांनी दार लावून घेतले असते, तर हा दिवस त्यांना कसा दिसला असता?

आणखी एक उदाहरण. ऑस्ट्रेलियाच्या संघात मोया डॉड नावाची खेळाडू होती. ती पुढे वकील झाली आणि २०१३ मध्ये ‘फिफा’च्या कार्यकारी समितीवर गेली. ज्या संस्थेने तिच्या पिढीची परीक्षा घेतली, त्या संस्थेच्या टेबलाशी ती निर्णय करावयास बसली. खेळणाऱ्या मुलीने पुस्तक सोडू नये आणि शिकणाऱ्या मुलीने खेळ सोडू नये, हे सांगण्यास याहून चांगला दाखला नाही.

आपला देश कोठे होता?

निमंत्रित बारा देशांत भारत नव्हता. वस्तुतः आपल्या मुली मागे नव्हत्या. १९८० च्या जानेवारीत कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने दुसरा क्रमांक मिळविला होता. १९८१ मध्ये तिसरा आणि १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा दुसरा. तो अंतिम सामना आपण हरलो ते थायलंडकडून, आणि हेच थायलंड १९८८ मध्ये चीनला गेले. १९८३ साली शांती मल्लिक हिला अर्जुन पुरस्कार मिळाला; हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. परंतु आपल्याकडे महिलांच्या फुटबॉलची संघटना १९७५ पासून निराळी होती. पुरुषांच्या अखिल भारतीय महासंघाने महिलांचा कारभार हाती घेतला तो १९९० च्या दशकाच्या आरंभी. तोवर जग पुढे निघून गेले होते.

२०२२ मध्ये मात्र महिला फुटबॉल आपल्या महाराष्ट्राच्या अंगणात आला. त्या वर्षीचा महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाला. भारताला यजमान म्हणून जागा होती; पण संघात कोरोना पसरला आणि पुरेशा खेळाडू उभ्या न राहिल्याने स्पर्धा सोडावी लागली. त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाला. तेथेही यजमान म्हणून आपण खेळलो आणि तिन्ही सामने हरलो. अमेरिकेने आपल्यावर आठ गोल केले. तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. पण यजमानपदाने मिळालेली जागा आणि निमंत्रणाने मिळालेली जागा या सारख्याच. त्या दुसऱ्याने दिलेल्या असतात. कमावलेली जागा वेगळी. ती ५ जुलै २०२५ रोजी मिळाली. थायलंडमधील चिआंग माई येथे भारताच्या मुलींनी यजमान थायलंडला २-१ असे हरविले आणि पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात प्रथमच प्रवेश मिळविला. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर हिने केले. १९८३ चा हिशेब ४२ वर्षांनी चुकता झाला!

आपल्या घरात काय करता येईल?

या साऱ्यावरून बोध एवढाच की, निमंत्रण ही कृपा असते आणि कृपा केव्हाही परत घेता येते. तिचे हक्कात रूपांतर करावयाचे तर तीन गोष्टी लागतात. कोणीतरी सभेत उठून मागावे लागते, मैदानावर जीव ओतून खेळावे लागते आणि पहिल्या पराभवानंतरही टिकून राहावे लागते.

यातील पहिले काम मोठ्यांचे आहे. मुलींनी एकट्याने मागायचे आणि आईवडिलांनी दुरून पाहायचे, हे बरे नाही. आपल्या मुलीच्या शाळेत खेळाचा तास मुलींनाही मैदानावर मिळतो की वर्गात बसवून ठेवतात, हे विचारा. सुब्रोतो करंडक या शालेय फुटबॉल स्पर्धेत आता १७ वर्षांखालील मुलींचा गट असतो. आपली शाळा त्यात संघ पाठविते का, याची चौकशी करा. वस्तीतील मैदान रोज संध्याकाळी मुलांच्याच ताब्यात असेल, तर आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींसाठी राखाव्यात, असा ठराव मंडळाच्या बैठकीत मांडा. बूट घेण्याची ऐपत नसेल तर चार घरांनी मिळून वर्गणी काढावी. मुलीच्या वाट्याची धुणीभांडी भावाने तासभर केली, तर त्याचे काही बिघडत नाही.

आणि जे मागाल ते लेखी मागा. शाळेत असो, नगरपालिकेत असो वा मंडळात असो, अर्जावर पाच-पंचवीस पालकांच्या सह्या घ्या, एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते; पोच घेतलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याची वाट कशाला पाहायची? अर्ज याच आठवड्यात द्या.